इंग्रजीचा पेपर आणि मोबाईलमधला एआय : लिहून घेणारा मागे राहतोय, तपासून घेणारा शिकतोय

सत्र संपायला आलं की तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानांपुढे कॉलेजच्या पोरांची गर्दी होते. पूर्वी या गर्दीत एखाद्या हुशार पोरीची वही फिरायची आणि तिच्यावरून सगळ्या वर्गाच्या असाइनमेंट तयार व्हायच्या. आता वही फिरत नाही. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये चॅटजीपीटी नाहीतर जेमिनी आहे, आणि व्हॉट्सॲपमध्ये तर मेटा एआयचा तो निळसर गोल न बोलावताच येऊन बसलाय. विषयाचं नाव टाकलं की दोन पानांचं झकास इंग्रजी समोर येतं. ते वहीत उतरवायचं किंवा सरळ प्रिंट काढायची. पाच मिनिटांचं काम.

पण यात इंग्रजी आलं कुणाला? असाइनमेंटला गुण मिळाले, पोरगं पास झालं, घरी पेढेही वाटले. पुढे तलाठी भरतीचा फॉर्म भरला. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न होते आणि त्यातले २५ इंग्रजीचे. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीचा वेगळा भाग असतो. पुण्यात कंपनीत साध्या नोकरीला गेलं तरी "टेल मी अबाउट युवरसेल्फ" चुकत नाही. या सगळ्या ठिकाणी मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. तिथं जे डोक्यात आहे तेवढंच कामाला येतं.

आमच्या वयाच्या लोकांनी इंग्रजी पाचवीपासून शिकलं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आज कॉलेजात आलेल्या पोराने बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी पदवीच्या पहिल्या वर्षाचा कंपल्सरी इंग्लिशचा पेपर म्हटलं की निम्म्या वर्गाच्या पोटात गोळा येतो. यात पोरांचा दोष कमी आहे. वर्गात साठ-सत्तर जण, सरांना प्रत्येकाची वही तपासायला वेळ नाही, घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही, आणि गावात कुणी दोन शब्द बोललाच तर "लई इंग्रजी झाडायला लागला" म्हणून पारावर त्याची टिंगल. शहरातल्या पोराला क्लास असतो, घरी आई-बाप इंग्रजी जाणणारे असतात. आपल्याकडच्या पोराला चूक दाखवणारं माणूसच मिळत नव्हतं. आता ते मोबाईलमध्ये मिळतंय. फक्त त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे समजलं पाहिजे.

हे यंत्र करतं तरी काय?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. त्यानंतर गूगलचं, मेटाचं, आणखी कितीतरी आली. सगळ्यांचं मूळ तत्त्व जवळपास एकच. आपण मोबाईलवर "शुभ" टाईप केलं की कीबोर्ड वर "सकाळ" सुचवतो ना, त्याचाच हा फार मोठा भाऊ समजा. पुस्तकं, वेबसाइट, लेख असा प्रचंड मजकूर या यंत्राला खाऊ घातलेला आहे. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधायला ते शिकलंय. एकेक तुकडा जोडत जोडत ते पान भरून लिहितं.

म्हणून त्याचं इंग्रजी सफाईदार असतं. त्याला मिळालेल्या मजकुरात इंग्रजीच सगळ्यात जास्त होतं. मराठी त्या मानाने थोडं. त्यामुळे त्याचं मराठी कधी पुस्तकी, कधी हिंदीच्या वळणाचं येतं.

पण याच कारणाने ते चुकतंही. बाजार समितीतला जुना अडत्या मालाचा ढीग नुसता बघून वजन सांगतो. दहापैकी आठ वेळा बरोबर निघतं. पण त्याने काटा लावलेला नसतो, हे आपण विसरत नाही. एआयचं तसंच आहे. त्याला माहिती नसली तरी ते "माहीत नाही" म्हणून गप्प बसेलच असं नाही, अंदाजाने ठोकून देतं, आणि तेही ठाम आवाजात.

याचा फटका इंग्रजीच्या पोरांना कुठे बसतो? पाठ्यपुस्तकातल्या धड्यात. प्रत्येक विद्यापीठाचं पुस्तक वेगळं, त्यातले धडे वेगळे. नुसतं धड्याचं नाव टाकून "समरी दे" म्हटलं तर ते दुसरीच गोष्ट रचून देऊ शकतं. पात्रांची नावं वेगळी, शेवट वेगळा. कवितेच्या ओळी विचारल्या तर कवीने न लिहिलेल्या ओळी त्याच्या नावावर खपवतं. ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही त्याला हे कळायला मार्ग नाही. तो तेच उत्तर पेपरात लिहून येतो.

यावर उपाय सोपा आहे. धड्याच्या पानाचा स्वच्छ फोटो काढून टाका आणि सांगा, "फक्त या पानावर जे आहे त्यावरूनच सांग, बाहेरचं काही घालू नको." मग चूक बरीच कमी होते. तरीही उत्तर पुस्तकाशी ताडून बघायचंच.

तुर्कस्तानातल्या पोरांचं काय झालं

एआय वापरलं की पोरं शिकतात की बिघडतात, यावर जगभर प्रयोग चालू आहेत. त्यातला एक आपल्याला फार उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार मुलांवर तो केला. विषय गणिताचा होता, इंग्रजीचा नव्हे, हे आधीच सांगतो. पण त्यातलं सूत्र आपल्याला लागू पडतं.

मुलांचे तीन गट केले. एका गटाला नुसती वही-पुस्तकं. दुसऱ्याला साधा एआय, विचारलं की उत्तर देणारा. तिसऱ्याला असा एआय, जो उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा, मास्तर देतो तसे. सराव करताना दुसऱ्या गटाने पहिल्यापेक्षा ४८ टक्के चांगली कामगिरी केली. तिसऱ्या गटाची तर १२७ टक्के चांगली होती. सगळे खूश. मग एआय काढून घेतला आणि परीक्षा घेतली. तेव्हा साधा एआय वापरणारी मुलं, ज्यांनी एआय कधी हातात धरलाच नव्हता त्यांच्यापेक्षाही १७ टक्के मागे पडली. इशारे घेऊन शिकणाऱ्या तिसऱ्या गटाचं असं नुकसान झालं नाही.

यंत्र तेच होतं, फरक विचारण्याच्या पद्धतीचा पडला. आणि दुसऱ्या गटातल्या पोरांना वाटत होतं की आपलं छान चाललंय. आपल्याकडे असाइनमेंट प्रिंट काढून देणाऱ्या पोरालाही तसंच वाटतं.

आधी आपण लिहायचं, मग त्याला दाखवायचं

इंग्रजी सुधारायचं असेल तर क्रम उलटा करायला पाहिजे. आधी वहीत पेनाने आपण लिहायचं. मोडकंतोडकं, चुकीचं, कसंही चालेल, पाच ओळी तरी. मग त्या ओळी मोबाईलवर टाईप करायच्या किंवा वहीचा फोटो टाकायचा, आणि एआयला मराठीतच असं सांगायचं :

"मी बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. ही वाक्यं मी स्वतः लिहिली आहेत. ज्या वाक्यात चूक आहे त्याचा नंबर सांग. चूक कशी झाली ते दहावीच्या पोराला समजेल अशा सोप्या मराठीत सांग. बरोबर वाक्य आत्ता देऊ नको. मी आधी स्वतः दुरुस्त करून बघतो."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते टाकलं नाही तर यंत्र लगेच सगळं दुरुस्त करून ताटात वाढतं आणि आपण ते गिळून मोकळे होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा पोराने लिहिलं, "माय फादर इज डूइंग फार्मिंग सिन्स ट्वेंटी इयर्स." मराठीत आपण म्हणतो, "माझे वडील वीस वर्षांपासून शेती करतात." त्यातलं "पासून" त्याने जसंच्या तसं उचललं आणि "सिन्स" लावलं. आपल्या भाषेत "२००५ पासून" आणि "वीस वर्षांपासून" दोन्हीकडे एकच "पासून" चालतं. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. नेमकं साल किंवा दिवस असेल तर "सिन्स", आणि किती काळ ते सांगायचं असेल तर "फॉर". शिवाय जे काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला "इज डूइंग" चालत नाही, "हॅज बीन" लागतं. म्हणून, "माय फादर हॅज बीन फार्मिंग फॉर ट्वेंटी इयर्स."

ही चूक पोराने आळशीपणाने केलेली नाही. ती मराठीतून आली आहे. आपल्या पोरांच्या बऱ्याच चुका अशाच असतात आणि त्या मोजक्याच असतात. "ही इज फार्मर" म्हणतात, कारण मराठीत "तो शेतकरी आहे" मध्ये "अ" आणि "द" नावाची भानगडच नाही. "आय डिडन्ट वेंट" म्हणतात, म्हणजे भूतकाळ दोनदा लावतात, एकदा "डिड" ला आणि परत "गो" ला. "माय फादर इज हॅविंग फाइव्ह एकर लँड" म्हणतात, तिथं साधं "हॅज" पाहिजे.

एआयचा खरा फायदा इथे आहे. महिनाभराच्या वाक्यांवर त्याला विचारा, "मी कोणत्या तीन प्रकारच्या चुका परत परत करतो?" ज्या सरांपुढे सत्तर वह्या आहेत त्यांना हे प्रत्येकासाठी बघणं शक्य नाही. यंत्राला कंटाळा येत नाही. मग त्या तीन चुकांवरच रोज दहा वाक्यांचा सराव मागा. "मराठी वाक्य दे, मी इंग्रजी करतो, एकावेळी एकच." हे रोज वीस मिनिटं दोन महिने केलं तर ज्याचा त्यालाच फरक दिसेल.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली, हे यंत्र तोंडपुजेपणा फार करतं. काहीही टाकलं तरी "खूप छान प्रयत्न" म्हणतं. त्याला स्पष्ट सांगा, "कौतुक नको, चुका सांग." दुसरी, ते तुमच्या साध्या वाक्याला भरजरी शेरवानी घालतं. तुम्ही लिहिलं असतं, पाण्याचा प्रश्न अवघड आहे. ते लिहितं "मल्टिफॅसेटेड चॅलेंज". म्हणून "माझे शब्द बदलू नको, फक्त व्याकरणाची चूक काढ" असंही सांगावं लागतं. इंग्रजी शिकवणारे एक सर हसत हसत सांगत होते, असाइनमेंटमध्ये असा शब्द दिसला की ते पोराला उभं करून फक्त अर्थ विचारतात. पुढची चौकशी करावीच लागत नाही.

वाचायला जड जाणारा धडा

धडा समजत नाही म्हणून पोरं अख्खा धडा मराठीत भाषांतर करून घेतात. गोष्ट कळते, पण इंग्रजीशी गाठच पडत नाही. त्यापेक्षा मधला रस्ता आहे. उताऱ्याचा फोटो टाकून सांगायचं, "हाच उतारा आठवीच्या पोराला समजेल अशा सोप्या इंग्रजीत लिही." आधी तो सोपा उतारा वाचायचा, मग मूळ धडा वाचायचा. दुसऱ्या वेळेला मूळ धडा निम्मा तरी आपोआप उलगडतो. राहिलेले शब्द वहीत लिहायचे, अर्थ शब्दकोशातून बघायचा. एआयने सांगितलेला अर्थही बघा, पण कधीकधी ते त्या ठिकाणी न बसणारा अर्थ सांगतं. दुसऱ्या दिवशी तेच दहा शब्द देऊन म्हणायचं, "यावर माझी परीक्षा घे." शब्द आठवायला डोकं खाजवलं तरच तो राहतो, नुसता परत वाचून राहत नाही. हे काही एआयचं नाही, पूर्वीपासूनचंच आहे.

बोलायची लाज

आपल्या पोरांचं घोडं सगळ्यात जास्त अडतं ते बोलण्यात. लिहिणारं पोरगंसुद्धा तोंड उघडत नाही. चुकलं तर हसतील ही भीती. मुलींना तर जास्तच.

या ॲपमध्ये बोलण्याची सोय असते. माईकचं किंवा लाटांसारखं चिन्ह दिसतं, ते दाबून बोलायचं, ते बोलून उत्तर देतं. आधी मराठीत सांगायचं, "तू मुलाखत घेणारा साहेब आहेस. मला इंग्रजीत एकावेळी एकच सोपा प्रश्न विचार. हळू बोल. मी अडकलो तर मराठीत इशारा दे. चुका शेवटी सांग, मधे तोडू नको." मग गोठ्यात बसून बोला, नाहीतर उसाच्या बांधावर. ऐकायला कुणी नाही, हसायला कुणी नाही. मला विचाराल तर खेड्यातल्या पोरांसाठी एआयचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, असाइनमेंट नव्हे. लिहायला शिकवणारी पुस्तकं पूर्वीही होती. न हसता ऐकून घेणारं कुणी नव्हतं. अर्थात याला रेंज चांगली लागते, आणि लिहून बोलण्यापेक्षा डेटाही जास्त जातो. रेंज नसेल तिथं लिहूनच सराव करा.

उच्चाराच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. तुम्ही चुकीचं उच्चारलं तरी यंत्र संदर्भावरून अंदाज बांधून बरोबर शब्द धरतं आणि काही बोलत नाही. तुम्हाला वाटतं उच्चार बरोबर आहे. उदाहरणार्थ, अंगात घालतो ती बनियन म्हणजे "वेस्ट" आणि पश्चिम दिशा म्हणजेही "वेस्ट", मराठी कानाला दोन्ही सारखेच. इंग्रजीत पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. हे तपासायचं तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक इंग्रजीवर ठेवून एक सुटा शब्द बोला आणि काय लिहून येतं ते बघा. पूर्ण वाक्य बोललात तर तो परत अंदाजाने सावरून घेईल. सुटा शब्द तीन-चार वेळा बोलून वेगळाच लिहून येत असेल तर उच्चारात गडबड आहे.

प्रामाणिक पोरावर आळ आला तर

आता दुसरी बाजू. एआयने लिहिलेलं पकडायला काही शिक्षक एआय शोधणारी सॉफ्टवेअर वापरतात. "हे ९० टक्के एआयने लिहिलंय" असं ती दाखवतात. या आकड्यावर डोळे झाकून भरवसा ठेवण्यासारखं नाही, आणि हे शिक्षकांनीही वाचावं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअर तपासली. टोफेल ही परदेशी शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. त्यातले ९१ निबंध घेतले, सगळे माणसांनी लिहिलेले, पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी. या सॉफ्टवेअरांनी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास बरोबर ओळखले. कारण असं की, ज्याला इंग्रजी थोडं येतं तो साधे, ठरावीक शब्द वापरतो, आणि साधे ठरावीक शब्द दिसले की सॉफ्टवेअरला ते यंत्राचं वाटतं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेही असं ओळखणारं साधन काढलं होतं. ते नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच बंद केलं.

म्हणजे आपल्या पोरीने रात्र जागून, साध्या इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी तिच्यावर आळ येऊ शकतो. त्यासाठी कच्ची वही फाडू नका. खाडाखोड केलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. एआयकडून तपासून घेतलं असेल तर तो संवाद पुसू नका. त्यात तुमची चुकीची वाक्यं आणि त्याने सांगितलेल्या चुका दोन्ही दिसतात. कुणी विचारलं तर दाखवता येतं. आणि सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे, "सर, तोंडी विचारा" म्हणता येणं.

नियमाचं म्हणाल तर यूजीसीचा नक्कल रोखण्याचा नियम २०१८ चा आहे. त्यात दुसऱ्याच्या मजकुराशी किती टक्के जुळतं यावर कारवाई ठरते, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. तो आला तेव्हा चॅटजीपीटी जन्मालाही आलं नव्हतं. एआय नवीन मजकूर तयार करतं, तो कुठे जुळेलच असं नाही. म्हणून सध्या तरी आपले सर काय म्हणतात ते महत्त्वाचं. असाइनमेंट मिळाली की वर्गातच विचारून घ्या, "सर, चुका तपासायला एआय वापरलं तर चालेल का?" बरेच शिक्षक तपासायला हो म्हणतात आणि लिहून घ्यायला नाही म्हणतात. वापरलं असेल तर शेवटी एक ओळ लिहा की व्याकरण तपासायला वापरलं.

शिक्षकांपैकी काही जण आता घरून लिहून आणण्याऐवजी वर्गातच अर्धा तास लिहून घेतात, किंवा दिलेल्या विषयावर दोन मिनिटं बोलायला लावतात. काही सर एआयने लिहिलेला निबंध फळ्यावर देऊन त्यातल्या चुका आणि पोकळ वाक्यं पोरांना शोधायला लावतात. सत्तर जणांच्या वर्गात हे सोपं नाही. पण प्रिंट गोळा करून गुण देत बसण्यापेक्षा बरं.

ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आई-बापांनी काय बघायचं

पोरगं मोबाईलमध्ये तोंड घालून "अभ्यास करतोय" म्हणतं. खरं की खोटं कसं ओळखायचं? यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. त्याने लिहिलेलं पान समोर ठेवा आणि म्हणा, "यात काय लिहिलंय ते मराठीत सांग बरं." ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना सांगेल. ज्याने उतरवून काढलंय तो दुसऱ्याच ओळीला थांबेल. आणि वहीत खाडाखोड आहे का बघा. इंग्रजी शिकणाऱ्याच्या वहीत खाडाखोड असतेच. पान एकदम कोरंकरकरीत, एकही काट नाही, तर विचारायला हरकत नाही. विचारताना मात्र पोलिसासारखं नको. पोरांना आधीच या विषयाची धास्ती असते.

अकरावी-बारावीच्या पोरांबाबत एवढं माहीत असू द्या. चॅटजीपीटीच्या नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्यांना ते वापरता येत नाही, आणि १८ च्या आतल्यांनी पालकांच्या संमतीने वापरायचं असतं.

पैसे आणि माहिती

इंग्रजी शिकायला फुकटातलं व्हर्जन पुरेसं आहे. विकत घ्यायची गरज नाही. २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी वर्षभर मोफत दिलं, जिओने जेमिनीची महागडी सेवा १८ महिने मोफत जाहीर केली. अशा ऑफर येतात-जातात. आपल्या सिमला काय लागू आहे ते कंपनीच्याच ॲपमध्ये बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको. प्लेस्टोअरवर चॅटजीपीटीसारखंच नाव आणि तसलंच चित्र लावलेली बरीच ॲप आहेत, ती दोन-चार प्रश्नांनंतर पैसे मागतात. डाउनलोड करण्याआधी नावाखाली कंपनी कोणती लिहिली आहे ते वाचा. चॅटजीपीटीखाली ओपनएआय आणि जेमिनीखाली गूगल असलं पाहिजे.

आधार नंबर, बँक पासबुक, मार्कशीटचा फोटो यातलं काही एआयमध्ये टाकू नका. नोकरीच्या अर्जाचं इंग्रजी तपासायचं असेल तर नाव, पत्ता, मोबाईल नंबर खोडून टाका, वाक्यं तेवढी ठेवा. आणि एखादी सेवा पहिले काही दिवस मोफत म्हणून घेतली असेल तर यूपीआयच्या ॲपमध्ये "ऑटोपे" म्हणून जागा असते, तिथं जाऊन बघा. महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली गेली असेल तर ती तिथूनच बंद करता येते.